पीडीएफ तयार झाली, पण उतरली कुठे?

गेल्या महिन्यात रात्री साडेनऊला मावशीचा फोन आला. ती पुण्यात, गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या एका भुसार व्यापाऱ्याचे हिशेब बघते. पूर्वी रोज गुलटेकडीला जायची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आठवड्यातले चार दिवस धनकवडीतल्या घरूनच लॅपटॉपवर काम करते, पेढीच्या संगणकाला जोडून. एका पार्टीला वर्षभराचा खातेउतारा पाठवायचा होता. "अगं, प्रिंट दिली, पीडीएफचा प्रिंटर निवडला, डेस्कटॉपवर सेव्ह केली. झालं म्हणतंय, पण डेस्कटॉपवर काहीच नाही! चार वेळा केलं. पार्टी व्हॉट्सअ‍ॅपवर वाट बघत बसलीय."

चारही वेळा फाइल नीट तयार झाली होती आणि डेस्कटॉपवरच पडली होती. तो डेस्कटॉप गुलटेकडीतल्या संगणकाचा होता, मावशी शोधत होती धनकवडीतल्या.

लहान ऑफिसांचे संगणक सांभाळणं हे माझं काम. पेठांमधले सीए, वकील, दवाखाने, भोसरीतले एक-दोन वर्कशॉपवाले, सगळीकडून हा प्रश्न येतो. विचारणारा बहुतेक वेळा आधी माफी मागतो: "मला कॉम्प्युटरचं फारसं कळत नाही हो." मला याचं वाईट वाटतं. तीस वर्षं रोजमेळ आणि खातेवही चोख ठेवलेल्या बाईला असं वाटावं, यात दोष तिचा नाही. दोन वेगवेगळ्या संगणकांवर एकाच नावाचा डेस्कटॉप, एकाच नावाचा सी ड्राइव्ह आणि एकाच नावाचा पीडीएफ प्रिंटर असतो, आणि सेव्हची खिडकी उघडते तेव्हा ती कोणत्या संगणकाची आहे हे कुठेही लिहिलेलं नसतं. ते एकदा डोक्यात पक्कं बसलं की बाकीच्या अडचणी आपोआप उलगडतात, म्हणून जरा मुळापासून सांगते.

## समोर दिसतं ते चित्र असतं

रिमोट डेस्कटॉप म्हणजे दूरच्या संगणकाचा पडदा आपल्या पडद्यावर दाखवण्याची सोय. आपण मोबाइलवर दगडूशेठ गणपतीचं ऑनलाइन दर्शन घेतो तेव्हा मूर्ती डोळ्यांसमोर असते, आरती ऐकू येते. पण हार घालायचा तर तो मंदिरातल्या माणसाच्या हातूनच घातला जातो आणि प्रसादही तिथेच मिळतो. तो घरी हवा असेल तर कुणीतरी आणून द्यावा लागतो.

इथेही तसंच. आपण दाबलेली बटणं आणि माउसच्या हालचाली तिकडे जातात, आणि तिकडच्या पडद्यावर जे बदलतं त्याचं चित्र इकडे येतं. हिशेबाचं सॉफ्टवेअर, त्यातल्या नोंदी, छपाईची आज्ञा हे सगळं तिकडेच घडतं. या तिकडच्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. एका सर्व्हरवर एकाच वेळी दहाजण वेगवेगळे काम करू शकतात. प्रत्येकाच्या अशा स्वतंत्र बैठकीला सेशन म्हणतात.

विंडोजमध्ये ही सोय १९९८ पासून आहे. त्या वर्षी विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आली. पण ती बराच काळ मुख्यतः मोठ्या कंपन्यांपुरती होती. २०२० च्या टाळेबंदीत पेठेतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसांनाही घरून काम करण्याची गरज पडली, आणि तेव्हापासून ही दोन संगणकांची भानगड घराघरात पोहोचली.

## कागद नसलेला प्रिंटर

आता दुसरा शब्द: व्हर्च्युअल प्रिंटर. मराठीत आभासी प्रिंटर म्हणता येईल. तो टेबलावर ठेवता येत नाही, त्याला शाई लागत नाही, पण प्रिंटरच्या यादीत तो इतर प्रिंटरांच्या शेजारी दिसतो.

त्यासाठी साधी छपाई कशी होते ते बघू. पूर्वीच्या छापखान्यात लग्नपत्रिका छापायला दिली, तर आपण फक्त मजकूर द्यायचो. काउंटरवरचा माणूस तो रांगेत लावायचा. मग जुळारी त्या मजकुराचे खिळे जुळवायचा, कारण आपल्या यंत्राला काय चालतं हे त्याला ठाऊक. शेवटी यंत्रातून कागद बाहेर. संगणकातही हे तिघं आहेत. रांग सांभाळणारा तो स्पूलर. त्या त्या प्रिंटरच्या भाषेत मजकूर बसवून देणारा जुळारी म्हणजे ड्रायव्हर. आणि तयार झालेलं काम जिथून बाहेर पडतं ते दार म्हणजे पोर्ट.

व्हर्च्युअल प्रिंटरमध्ये पहिली सगळी कामं अगदी तशीच होतात. फक्त शेवटचं दार यंत्राकडे उघडायच्या ऐवजी एका फाइलमध्ये उघडतं. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला याचा पत्ताही नसतो. त्याला वाटतं आपण कागदच छापतोय. म्हणून ज्या जुन्या सॉफ्टवेअरला पीडीएफ हा शब्द माहीत नाही, त्यातूनही पीडीएफ निघते. प्रिंटचं बटण असलं की पुरे.

फाइल पीडीएफच का, त्यालाही इतिहास आहे. अडोबी कंपनीनं १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट ही पानाचं वर्णन करणारी भाषा आणली. अक्षर कुठे, रेघ कुठे, किती जाड, हे सगळं त्यात लिहिलेलं असायचं. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जॉन वॉर्नॉक यांनी १९९१ मध्ये कॅमलॉट नावाच्या प्रकल्पाची कल्पना मांडली: कोणत्याही संगणकावर पान हुबेहूब तसंच दिसलं पाहिजे. त्यातून १९९३ मध्ये पीडीएफ आली. २००८ मध्ये तिचं आंतरराष्ट्रीय मानक झालं, त्यामुळे आज ती एका कंपनीच्या मालकीची राहिलेली नाही. २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हा पीडीएफचा प्रिंटर त्यातच बसवलेला मिळू लागला. त्याआधी तो वेगळा डाउनलोड करून घ्यावा लागायचा.

## तिथे छापलं तर तिथेच राहतं

रिमोट सेशनमध्ये प्रिंटची यादी उघडली की त्यात दोन तऱ्हेचे प्रिंटर मिसळलेले असतात. काही सर्व्हरचे स्वतःचे, काही आपल्या घरून सोबत आलेले. मावशीचा घोळ इथेच झाला.

सर्व्हरवरचा पीडीएफ प्रिंटर निवडला, तर सेव्हची खिडकी सर्व्हरची उघडते. तिच्यातला डेस्कटॉप सर्व्हरवरचा, डॉक्युमेंट्स सर्व्हरवरचे, सी ड्राइव्हही तिकडचा. आपण पूर्ण पडदाभर सेशन उघडून बसलेले असतो, त्यामुळे कुठली खिडकी कुठली हे नजरेला कळतच नाही. मी आता सगळ्यांना एक बदल करून देते: सर्व्हरवरच्या डेस्कटॉपचा रंग वेगळा. मावशीच्या सर्व्हरचा डेस्कटॉप गर्द हिरवा केलाय. उघडलेल्या खिडक्या बाजूला केल्या, मागे हिरवं दिसलं, म्हणजे आपण गुलटेकडीत आहोत.

या पद्धतीत एक मोठा फायदा आहे. पीडीएफ सर्व्हरवरच राहणार असेल, म्हणजे पेढीच्या फोल्डरात ठेवायची असेल किंवा तिकडच्याच ईमेलमधून पाठवायची असेल, तर हाच मार्ग सर्वांत वेगवान. घरचं इंटरनेट रडत असलं तरी फरक पडत नाही, कारण फाइल घरी येतच नाही. इकडे फक्त चित्र येतं.

## घरचा प्रिंटर सर्व्हरवर दिसतो तेव्हा

सेशन सुरू होताना आपला लॅपटॉप सर्व्हरला सांगतो, माझ्याकडे हे हे प्रिंटर आहेत. सर्व्हर त्यांची तात्पुरती नावं आपल्या यादीत लावतो. याला रीडायरेक्शन म्हणतात, म्हणजे वाट वळवणं. यादीत प्रिंटरच्या नावापुढे कंसात 'रीडायरेक्टेड' हा शब्द आणि एक आकडा दिसतो. त्यावरून ओळखायचं की हा प्रिंटर घरचा.

पूर्वी हे फार त्रासाचं होतं. घरी ज्या कंपनीचा प्रिंटर, त्याचा ड्रायव्हर सर्व्हरवरही लागायचा. दहा कर्मचाऱ्यांचे दहा प्रकारचे प्रिंटर, आणि त्यातला एक ड्रायव्हर बिघडला की स्पूलर बंद पडून सगळ्यांचीच छपाई ठप्प. विंडोज सर्व्हर २००८ मध्ये इझी प्रिंट नावाची सोय आली. तिच्यात सर्व्हर पानाचं एक सर्वसाधारण वर्णन तयार करून घरच्या संगणकाकडे पाठवतो आणि पुढची जुळवाजुळव घरचा ड्रायव्हर करतो. सर्व्हरवर कुणाच्याच घरच्या प्रिंटरचा ड्रायव्हर बसवावा लागत नाही.

घरच्या लॅपटॉपवरचा पीडीएफ प्रिंटरही असाच सोबत जातो. तो निवडला तर सेव्हची खिडकी घरच्या लॅपटॉपची उघडते आणि फाइल थेट घरी उतरते. पण ती खिडकी बरेचदा पडदाभर पसरलेल्या सेशनच्या मागे लपते. आपल्याला वाटतं काहीच झालं नाही, म्हणून पुन्हा प्रिंट, पुन्हा प्रिंट. सेशन लहान केलं की मागे तीन-चार सेव्हच्या खिडक्या वाट बघत उभ्या असतात.

दुसरी अडचण त्या आकड्याची. तो सेशनचा क्रमांक असतो. आज २ असेल, उद्या पुन्हा जोडलात तर ५ होईल. काही सॉफ्टवेअर प्रिंटरचं पूर्ण नाव लक्षात ठेवतात. उद्या ते २ क्रमांकाचा प्रिंटर शोधतात, तो सापडत नाही आणि 'प्रिंटर मिळाला नाही' असं सांगून थांबतात. प्रिंटर बिघडलेला नसतो, फक्त त्याचं नाव बदललेलं असतं. अशा सॉफ्टवेअरमध्ये 'डिफॉल्ट प्रिंटर' (म्हणजे वेगळा निवडला नाही तर आपोआप वापरला जाणारा) असा पर्याय असेल तर तोच निवडून ठेवावा, आणि सेशन सुरू झालं की डिफॉल्ट कोणता हे एकदा बघून घ्यावं.

## घरपोच देणारा प्रिंटर

तिसरा मार्ग विकत मिळतो. सर्व्हरवर एक खास व्हर्च्युअल प्रिंटर आणि घरच्या संगणकावर त्याचा छोटा जोडीदार बसवायचा. प्रिंट दिली की सर्व्हरवर पीडीएफ तयार होते, लहान करून रिमोट जोडणीच्याच आतल्या एका वाटेनं घरी येते, आणि इकडचा जोडीदार ती उघडून दाखवतो किंवा घरच्या खऱ्या प्रिंटरवर छापतो. आवाज, क्लिपबोर्ड (कॉपी केलेलं पेस्ट करेपर्यंत जिथे राहतं ती जागा), प्रिंट यांच्यासाठी रिमोट जोडणीत अशा वेगळ्या वाटा असतातच. त्यांना व्हर्च्युअल चॅनेल म्हणतात.

इंटरनेट मंद असेल, पानं खूप असतील, घरोघरी वेगळे प्रिंटर असतील, तर हे पैसे वसूल होतात. दोन-तीन माणसांच्या पेढीला, माझ्या मते, त्याची गरज नाही. विंडोजमध्ये जे फुकट आहे ते आधी नीट बसवावं.

## सर्व्हरवरची फाइल घरी आणायची कशी?

सर्वांत सोपं म्हणजे सर्व्हरवर फाइलवर कॉपी, सेशन लहान करून घरच्या डेस्कटॉपवर पेस्ट. लहान फाइलींसाठी हे उत्तम चालतं. ते चालत नसेल तर क्लिपबोर्डची वाट बंद ठेवलेली असते. जोडणी सुरू करायच्या आधी रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीत 'लोकल रिसोर्सेस' नावाचा भाग असतो. तिथे प्रिंटर, क्लिपबोर्ड आणि ड्राइव्ह यांच्या खुणा करता येतात. ड्राइव्हची खूण केली की घरच्या लॅपटॉपचा ड्राइव्ह सर्व्हरवरच्या सेव्हच्या खिडकीतही दिसतो, लॅपटॉपच्या नावासकट, आणि पीडीएफ थेट तिथे सेव्ह करता येते.

काही ऑफिसं या वाटा मुद्दाम बंद ठेवतात. रुग्णांचे रिपोर्ट किंवा अशिलांचे कागद ऑफिसबाहेर जाऊ नयेत, हे कारण असतं आणि ते योग्य आहे. तिथे पळवाट शोधू नका. ज्याच्या हातात व्यवस्था आहे त्याला विचारा.

## "मग थेट एक्स्पोर्टच का करू नये?"

जिथे जमतं तिथे जरूर करा. सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचं 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ' असेल तर ते नेहमी वरचढ. प्रिंटरला फक्त पानावरचं दिसणारं कळतं. लिंक, अनुक्रमणिकेच्या खुणा, भरायचे फॉर्म, शीर्षक कोणतं आणि तक्ता कोणता ही माहिती छपाईच्या वाटेवर गळून जाते. डोळ्यांनी दिसत नसलेला माणूस संगणकाकडून पीडीएफ वाचून घेतो तेव्हा त्याला नेमकी हीच माहिती लागते. संस्थेचा अहवाल किंवा नोटीस सगळ्यांसाठी काढत असाल, तर प्रिंटची वाट टाळा, ही माझी कळकळीची विनंती.

पण थेट सेव्ह केली तरी मूळ प्रश्न राहतोच: सेव्हची ती खिडकी सर्व्हरचीच असते.

व्हर्च्युअल प्रिंटरची खरी गरज पडते ती जुन्या सॉफ्टवेअरला, एखाद्या मोठ्या अहवालातली नेमकी दोन पानं काढायला, किंवा छापल्यावर जसं दिसेल अगदी तसंच समोरच्याला दाखवायचं असेल तेव्हा.

## बिलाची शेवटची ओळ

भोसरीतल्या एका वर्कशॉपची बिलं भाड्यानं घेतलेल्या क्लाउड सर्व्हरवरून निघायची. क्लाउड म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी इमारतीतला, आपण भाड्यानं वापरत असलेला सर्व्हर. प्रत्येक बिलातली सगळ्यांत खालची ओळ, म्हणजे वाद झाल्यास तो पुण्याच्या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येईल ही, दुसऱ्या पानावर एकटीच जायची. मालकांनी महिनाभर बिलाचा नमुना बदलून बघितला.

दोष कागदाच्या मापात होता. आपला ए४ कागद २१० गुणिले २९७ मिलिमीटरचा. अमेरिकेत चालणारा लेटर कागद साधारण २१६ गुणिले २७९ चा. म्हणजे रुंदीला सहा मिलिमीटर जास्त, पण उंचीला अठरा मिलिमीटर कमी. सर्व्हर अमेरिकी मांडणीवर बसवलेला असला की त्याचा पीडीएफ प्रिंटर लेटर गृहीत धरतो. अठरा मिलिमीटरमध्ये बिलाच्या तीन-चार ओळी सहज मावतात. सर्व्हरवरच्या पीडीएफ प्रिंटरच्या 'प्रेफरन्सेस'मध्ये जाऊन ए४ केलं की झालं. घरच्या लॅपटॉपवर ए४ असून उपयोग नाही. जिथे पान बनतं तिथे ते हवं.

## मराठी अक्षरांचं काय होतं?

हा भाग मला सर्वांत जवळचा, आणि पुण्यात बसून त्याबद्दल न बोलणं बरं नव्हे. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं फार मोठं काम याच शहरात झालं. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेच्या जिस्ट गटाचं काम इथलं, आणि श्रीलिपी हे भारतीय लिप्यांच्या फॉन्टचं सॉफ्टवेअर बनवणारी मॉड्युलर इन्फोटेकही इथलीच.

पहिली गोष्ट कागदाच्या मापासारखीच. फॉन्ट सर्व्हरवर असावा लागतो. घरच्या लॅपटॉपवर सुंदर फॉन्ट आहे, पण पान सर्व्हर बनवतो, आणि त्याच्याकडे तो नसेल तर दुसराच फॉन्ट येतो किंवा अक्षरांच्या जागी चौकटी. पीडीएफ बनताना वापरलेली अक्षरं फाइलच्या आत भरली जातात. एकदा ती भरली गेली की वाचणाऱ्याकडे तो फॉन्ट असायची गरज नसते.

दुसरी गोष्ट जरा खोल आहे. पान डोळ्यांना बिनचूक दिसतं, पण त्यातला शब्द शोधायला गेलं तर सापडत नाही, आणि कॉपी करून दुसरीकडे टाकला तर विस्कटतो. असं का? युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, 'क्षेत्र' हा शब्द सात खुणांनी साठवला जातो: क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र. पानावर मात्र तीनच आकार उमटतात: क्ष, त्यावरची मात्रा आणि त्र. छपाईच्या वाटेवर प्रिंटरकडे बहुधा आकार पोहोचतात, मूळ खुणा नाहीत. मग कोणता आकार म्हणजे कोणत्या खुणा, हे सांगणारा एक तक्ता पीडीएफमध्ये जोडावा लागतो. इंग्रजीत एक अक्षर एक आकार, तिथे हा तक्ता सोपा. आपल्या जोडाक्षरांचा तो बरेचदा अपुरा राहतो.

ऱ्हस्व वेलांटीचं तर विशेषच. 'वि' लिहिताना आधी व साठवला जातो, मग वेलांटी. कागदावर मात्र वेलांटी आधी दिसते. त्यामुळे पीडीएफमधून 'विठ्ठल' कॉपी केलं की वेलांटी व च्या अलीकडे सुटून पडलेली दिसते. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांमध्ये तर इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवलेले असायचे. तशा कागदाची पीडीएफ दिसते मराठी, पण कॉपी केली की इंग्रजी अक्षरांचा गाळ निघतो.

खातेउतारा पाठवायचा असेल तर हे चालून जाईल. पण सोसायटीचे ठराव, ग्रंथालयाची सूची, संस्थेचा इतिहास, म्हणजे वीस वर्षांनी कुणीतरी शोधेल असे मराठी कागद, फक्त प्रिंटच्या वाटेनं काढलेल्या पीडीएफमध्ये ठेवू नका. थेट सेव्ह केलेली पीडीएफ घ्या, तिच्यात 'विठ्ठल' किंवा 'क्षेत्र' असा एखादा शब्द शोधून बघा, आणि मूळ फाइलही जपा.

## "त्यापेक्षा स्क्रीनचा फोटो पाठवला तर?"

घाईत सगळेच पाठवतात. पण चित्र झालं की अक्षरं संपली. समोरच्याला आकडा कॉपी करता येत नाही, मोठं केलं की कडा फुटतात, आणि चाळीस पानांच्या उताऱ्याचे चाळीस फोटो कुणी काढायचे?

वजनाचाही प्रश्न आहे. ए४ पान दर इंचाला ३०० ठिपके या दर्जानं चित्र म्हणून साठवलं तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके होतात. प्रत्येक रंगीत ठिपक्याला तीन बाइट धरले तर दाबून लहान करण्यापूर्वी सुमारे २६ एमबी. तेच पान अक्षरांच्या रूपात असेल तर काही दहा-वीस केबीत बसतं. म्हणूनच तुमची साध्या बिलाची पीडीएफ कित्येक एमबीची निघत असेल, तर प्रिंटच्या पर्यायांमध्ये 'प्रिंट अ‍ॅज इमेज'ची खूण कुणी करून ठेवली आहे का ते आधी बघा.

## सही केलेली पीडीएफ पुन्हा प्रिंट करू नका

सीए आणि वकिलांच्या ऑफिसात ही चूक महागात पडते. डिजिटल सही म्हणजे पानावर दिसणारा तो चौकोन आणि नाव नव्हे. फाइलचा प्रत्येक बाइट बदललेला नाही याची खात्री देणारं गणित त्या फाइलच्या आत असतं. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं मान्यता दिली आहे ती या गणिताला. सही केलेली पीडीएफ उघडून पुन्हा पीडीएफ प्रिंटरला दिली, तर नवी फाइल हुबेहूब तशीच दिसते, चौकोनही दिसतो, पण आतलं गणित गेलेलं असतं. लाखेची मोहोर लावलेल्या पाकिटाची झेरॉक्स काढावी, तसं. पानं कमी-जास्त करायची ती सहीच्या आधी. सही झाली की फाइल आहे तशीच पाठवायची.

सहीचं यूएसबी टोकन, म्हणजे डिजिटल सही ज्यात ठेवलेली असते ते पेनड्राइव्हसारखं उपकरण, कुठे लावायचं, हेही नेहमी विचारतात. रिमोट सेशनमध्ये सर्व्हरला लावलेलं टोकन सहसा दिसत नाही, कारण त्या सेशनसाठी विंडोज टोकन वाचते ते घरच्या संगणकावरून. म्हणून टोकन आपल्या हाताशी, घरच्या लॅपटॉपला लावा आणि 'लोकल रिसोर्सेस'मध्ये स्मार्ट कार्डची खूण करा (विंडोज टोकनाला स्मार्ट कार्डच समजते). टोकनाचं सॉफ्टवेअर मात्र सर्व्हरवरही लागतं.

## मागे राहणाऱ्या प्रती

रोज पीडीएफ काढणाऱ्यांना मी सर्वांत जास्त सांगते ते याबद्दल. छपाईच्या रांगेत असताना प्रत्येक काम काही क्षण सर्व्हरच्या डिस्कवर लिहिलं जातं आणि झालं की पुसलं जातं. पण प्रिंटरच्या गुणधर्मांत 'कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स' अशी खूण असते. ती चालू असेल तर छापलेला प्रत्येक कागद तिथे साठत जातो: पगारपत्रकं, पॅन क्रमांक, सगळं. काही पीडीएफ प्रिंटर न विचारता एकाच ठरलेल्या फोल्डरात सेव्ह करायला लावलेले असतात. दहाजणांचा सर्व्हर असेल तर एकाचा 'उतारा' दुसऱ्याच्या 'उतारा'वर लिहिला जातो, किंवा एकाचा कागद दुसरा उघडून बघू शकतो. प्रत्येकाला स्वतःचं फोल्डर आणि फाइलच्या नावात तारीख-वेळ, एवढं करून घ्यायला व्यवस्था बघणाऱ्याला अर्धा तास पुरतो. लोकांची माहिती सांभाळण्याची जबाबदारी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं लहान पेढ्यांच्याही दारात आणली आहे.

स्पूलर स्वतःही धोक्याची जागा ठरू शकतो. २०२१ च्या जुलैत प्रिंटनाइटमेअर नावाची त्रुटी जगभर गाजली. स्पूलरमधून शिरून सर्व्हरचा पूर्ण ताबा घेता येत होता. त्यानंतर मायक्रोसॉफ्टनं प्रिंटरचा ड्रायव्हर बसवण्याचा अधिकार मुख्य व्यवस्थापकापुरता ठेवला. म्हणून कुणी कर्मचारी "मला सर्व्हरवर फुकटातला पीडीएफ प्रिंटर बसवता येत नाही" म्हणाला, तर ती अडवणूक नव्हे. आणि सर्व्हरचं रिमोट डेस्कटॉपचं दार, म्हणजे पोर्ट ३३८९ (हे नेटवर्कचं पोर्ट, छपाईचं नव्हे), इंटरनेटवर सरळ उघडं ठेवलेलं असेल तर आजच बंद करून घ्या. व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खाजगी, बंदिस्त वाट) किंवा गेटवे (आत सोडण्याआधी ओळख तपासणारा पहारेकरी संगणक) यांच्यामागूनच आत यायची सोय करा. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे लोक असली उघडी दारं शोधत दिवसरात्र फिरत असतात.

मावशीच्या त्या चार फायली मी दुसऱ्या दिवशी सर्व्हरवर बघितल्या. पहिलीचं नाव 'उतारा', मग 'उतारा १', 'उतारा नवीन' आणि 'उतारा शेवटचा'. ज्या पार्टीचा तो वर्षभराचा उतारा होता, तिच्या उधारीसकट तो पेढीत सगळे वापरतात त्या खात्याच्या डेस्कटॉपवर उघडा पडला होता. आता मावशीचं स्वतंत्र लॉगिन आहे, तिच्याशिवाय कुणाला न उघडणारं फोल्डर आहे, आणि दर शनिवारी पेढी बंद करताना ती ते रिकामं करते, रीसायकल बिनसकट.